हृदय जाड झालंय की ताणलं गेलंय? नुसतं पंपिंग बघून ठरवू नका

इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करून आलं की घरी पहिला प्रश्न एकच, पंपिंग किती, म्हणजे कप्प्यातलं किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर ढकललं जातं? ६० टक्के म्हटलं की सगळे निवांत आणि रिपोर्ट कपाटात. अहो पण त्याच कागदावर भिंतीची जाडी आणि कप्प्याचा व्यास लिहिलेला असतो तिकडे कोणी ढुंकूनही बघत नाही, आणि गोळी चालू करायची का, झडपेचं ऑपरेशन आत्ता की नंतर, हे बऱ्याचदा तिथूनच ठरतं.

"हृदय मोठं झालंय" ह्या एका वाक्यात दोन पार वेगळी दुखणी असू शकतात. एक प्रेशरचा भार, म्हणजे वर्षानुवर्षं वाढलेलं बीपी किंवा महाधमनीची झडप आखडलेली, खालच्या डाव्या कप्प्याला प्रत्येक ठोक्याला जादा जोर लावावा लागतो. दुसरा व्हॉल्यूमचा भार, म्हणजे झडप लीक, ढकललेलं रक्त परत मागे येतं आणि पुढच्या ठोक्याला तेही सामावून घ्यायचं. पहिल्यात स्नायूच्या पेशीत आकुंचनाचे नवे घटक जुन्यांच्या बाजूला लागतात, पेशी जाड होते, भिंत जाड होते. दुसऱ्यात तेच घटक एकापुढे एक जोडले जातात, पेशी लांबते, कप्पा ऐसपैस होतो. हृदयतज्ज्ञ ग्रॉसमन आणि मंडळींनी हे १९७५ मध्ये मांडलं. कारण तसं साधं आहे, भिंतीवरचा ताण दाब आणि त्रिज्येबरोबर वाढतो, जाडीने कमी होतो, त्यामुळे दाब वाढला की हृदय जाडी वाढवून ताण खाली आणतं.

आता दोन रिपोर्ट शेजारी ठेवा. पहिल्यात भिंत १३ मिमी, कप्पा (रक्त भरलेला असताना) ४४ मिमी. दुसऱ्यात भिंत १० मिमी, कप्पा ६४ मिमी. कोणालाही वाटेल पहिलं हृदय जास्त वाढलंय, दुसऱ्याची भिंत तर नॉर्मलच आहे की! पण इकोवरून वजन काढायच्या नेहमीच्या सूत्रात आकडे घातले तर पहिल्याच्या डाव्या कप्प्याचं वजन येतं साधारण २१५ ग्रॅम आणि दुसऱ्याचं २७५. मला स्वतःला हे पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं, दोनदा गणित केलं. ओळखायची युक्ती सोपी आहे, मागच्या भिंतीची जाडी दुप्पट करा आणि कप्प्याच्या व्यासाने भागा, वजन वाढलेलं असताना उत्तर ०.४२ च्या वर आलं तर जाड प्रकार, तेवढं किंवा खाली असेल तर फुगलेला. पहिल्याचं ०.५९, दुसऱ्याचं ०.३१.

पंपिंगचा आकडा दोघांनाही फसवतो, पण वेगवेगळ्या तऱ्हेने. जाड हृदयात पंपिंग ६५ असू शकतं आणि तरी जिना चढताना धाप लागते कारण अडचण ढकलण्यात नाही, भरण्यात आहे, भिंत कडक झालीये, वरचा कप्पा ताणला जातोय, पुढे ठोके अनियमित व्हायची भीती. लीक मायट्रल झडपेत (डाव्या बाजूच्या वरच्या-खालच्या कप्प्यांमधली झडप) उलटं, रक्ताला मागे कमी दाबाच्या कप्प्यात सटकायची सोय असते आणि ते मागे गेलेलंही पंपिंगमध्येच मोजलं जातं, म्हणून ६० टक्के हा आकडा तिथे चांगला नाहीच. लीक गंभीर असेल तर पंपिंग ६० किंवा खाली, अथवा डाव्या कप्प्याचा आकुंचनानंतरचा व्यास ४० मिमी किंवा वर, एवढं झालं की त्रास नसला तरी ऑपरेशनचा विषय काढायचा. महाधमनीच्या झडपेच्या लीकमध्ये तोच व्यास ५० च्या वर. बरं ह्या लोकांना अनेक वर्षं काहीच होत नाही, हृदय मुकाट्याने सोसत राहतं, म्हणूनच "त्रास झाला की बघू" हे मला लीकवाल्यांच्या बाबतीत अजिबात पटत नाही.

बीपीवाल्यांचं त्या मानाने सरळ, दाब खाली आणा, काही महिन्यांत जाडी उतरायला लागते, आणि गोळी कुठली हेही थोडं महत्त्वाचं, बीपीच्या दोन गोळ्यांची तुलना करणाऱ्या २००२ च्या लाइफ ट्रायलमध्ये बीपी जवळपास सारखंच उतरूनही लोसार्टानने अ‍ॅटेनोलॉलपेक्षा ही वाढ जास्त कमी केली. पण पेशींच्या मधे तंतूंचे व्रण बसले असतील तर ते इतक्या सहज जात नाहीत, आणि ते बघायचे तर इको पुरत नाही, एमआरआय लागतो. ईसीजीवर विसंबू नका, त्यात वाढ बऱ्याचदा दिसतच नाही.

जोरदार व्यायाम करणाऱ्यांचं हृदयही वाढतं, पण भिंत १२ मिमीच्या पुढे सहसा जात नाही, कप्पाही जोडीने वाढतो आणि भरणं छान असतं. १३-१४ आली आणि शंका असेल तर तीनेक महिने ट्रेनिंग बंद ठेवून परत इको करतात, उतरली तर बहुतेक व्यायामाचीच होती. खेळाडूला तीन महिने घरी बसवणं हेच ह्यातलं अवघड काम.

लीक असेल तर मागच्या दोन-तीन वर्षांचे इको शोधून ठेवा, आणि आकुंचनानंतरचा व्यास, रिपोर्टवर एलव्हीआयडी-एस म्हणून असतो तो, तारखेप्रमाणे एका कागदावर उतरवून डॉक्टरांपुढे ठेवा. ३४, ३६, ३९ असं चाललं असेल तर पुढची तपासणी वर्षावर ढकलायची का, हे तिथेच विचारून घ्या.