घड्याळ सावकाश सरकवणं: लिनक्स आणि फ्रीबीएसडी

हिंजवडीत पावसाळ्यात वीज गेली, सर्व्हर पुन्हा उठला आणि त्याचं घड्याळ एक सेकंद मागे निघालं, तर पुढे काय करता येईल हे कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यावर ठरतं.

लिनक्स आणि फ्रीबीएसडी या दोन्ही सिस्टिममध्ये घड्याळ जुळवण्याचं मूळ एकच: १९९४ च्या आरएफसी १५८९ या इंटरनेट दस्तऐवजातलं डेव्हिड मिल्स यांचं कर्नल मॉडेल. फ्रीबीएसडीत त्याचा कॉल (प्रोग्रॅमने कर्नलला करायची विनंती) 'एनटीपी_अ‍ॅडजटाइम', लिनक्सचा स्वतःचा 'अ‍ॅडजटाइमेक्स'. वारंवारतेचं, म्हणजे घड्याळाच्या वेगातल्या बदलाचं एकक दोन्हीकडे सारखंच: ६५५३६ म्हणजे १ पीपीएम (दशलक्षात एक भाग). मर्यादाही सारखीच, ५०० पीपीएम. त्या वेगाने एक सेकंद भरून काढायला २००० सेकंद, म्हणजे अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो.

लिनक्स वेगळं पडतं ते 'टिक'मुळे, म्हणजे एका ठोक्याला घड्याळ किती पुढे जातं त्या आकड्यामुळे. नेहमीचे १०००० मायक्रोसेकंद ९००० ते ११००० पर्यंत हलवता येतात, म्हणजे दहा टक्के. तोच सेकंद दहाएक सेकंदांत भरून निघतो! शिवाय २.६.३९ पासून त्याच कॉलने घड्याळाला थेट फरकाएवढी उडीही देता येते. फ्रीबीएसडीच्या कॉलमध्ये या दोन्ही सोयी नाहीत. उडीसाठी घड्याळ नव्याने लावायचं.

तरी दोन्हीकडे चालणारा कोड लिहायचा असेल तर माझं मत एनटीपी_अ‍ॅडजटाइमलाच. लिनक्सवर ते जीलिबसी या सी भाषेच्या लायब्ररीतून मिळतं, मॅकओएसवर १०.१३ पासून. टिकची सोय फक्त लिनक्ससाठी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. आणि ऑफसेट (घड्याळातला फरक) वाचताना आकडा नॅनोसेकंदात आहे की मायक्रोसेकंदात हे सांगणारा झेंडा (फ्लॅग) आधी तपासा, नाहीतर उत्तर हजारपट चुकेल.