लांब इंग्रजी शब्दांची फोड शिकवणारा वर्ग

पुण्यातल्या एका इंग्रजी उच्चारवर्गाला मी सहा रविवार गेले आणि, एक त्रुटी सोडल्यास, तो मनापासून सुचवते. मराठीत एखाद्या अक्षरावर जोर दिल्याने शब्दाचा अर्थ सहसा बदलत नाही. इंग्रजीत मात्र ‘रेकॉर्ड’ हे नाम असेल तर आघात, म्हणजे जोर, पहिल्या शब्दावयवावर (सिलेबलवर, म्हणजे एका झटक्यात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर) आणि क्रियापद असेल तर दुसऱ्यावर येतो, हे शाळेत आम्हाला कुणी सांगितलेच नव्हते.

बाईंनी पहिल्याच दिवशी टेबलावर टिचकी मारत तीन शब्द म्हणून दाखवले. ‘फोटोग्राफ’मध्ये टिचकी पहिल्या अवयवावर, ‘फटॉग्रफी’मध्ये दुसऱ्यावर आणि ‘फोटोग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर पडली, आघात पुढे सरकताच ‘फटॉग्रफी’तला पहिला ‘फो’ कसा पुसट होतो, हे आम्ही कानांनी अनुभवले. ‘इक’, ‘शन’, ‘इटी’ हे प्रत्यय बहुधा आपल्या लगेच आधीच्या अवयवावर आघात ओढतात, म्हणून ‘इलेक्ट्रिक’मधला ‘लेक्’वरचा आघात ‘इलेक्ट्रिसिटी’त ‘ट्रि’वर जातो. एवढ्या एका नियमाने माझे शेकडो शब्द सुधारले.

त्रुटी आहे ती छापील पुस्तिकेत. तिथे अर्थाचे घटक आणि उच्चाराचे अवयव यांची गल्लत झाली आहे. ‘हेलिकॉप्टर’ हा शब्द ग्रीक ‘हेलिक्स’ म्हणजे मळसूत्री वळण आणि ‘प्टेरॉन’ म्हणजे पंख यांपासून बनला, त्यामुळे अर्थाच्या दृष्टीने तो ‘हेलिको’ आणि ‘प्टर’ असा तुटतो. बोलताना मात्र ‘हे-लि-कॉप्-टर’ असाच म्हणावा लागतो. पुस्तिका पहिल्या फोडीलाच उच्चार म्हणते, तेव्हा ती बाजूला ठेवून बाईंचे ऐकावे.