ईटीपीवरील (सांडपाणी प्रक्रिया संयंत्रावरील) कार्बन कॅनिस्टरची भाडेसेवा: दोन पावसाळ्यांनंतरचा अभिप्राय

तेलशुद्धीकरण कारखान्याच्या सांडपाण्यात तेल आणि गाळाबरोबर बेंझिनही येते, आणि सेपरेटर (पाण्यातून तेल वेगळे करणारी टाकी) उघडा असला तर त्याचा मोठा भाग पाण्यात न राहता हवेत जातो. २००८ च्या केंद्रीय मानकांनी सेपरेटर व इक्वलायझेशन टाक्या (सांडपाण्याचा प्रवाह एकसारखा करणाऱ्या) झाकणे आणि झाकणाखालच्या वायूतील किमान ९० टक्के व्हीओसी (बेंझिनसारखी सहज उडून जाणारी सेंद्रिय संयुगे) काढून टाकणे बंधनकारक केले, ते याचसाठी. किनारपट्टीवरील आमच्या कारखान्यात या कामासाठी एका पुरवठादाराकडून अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचे दोन कॅनिस्टर, एकामागे एक जोडून, भाड्याने घेतले आहेत.

बांधणीबद्दल माझी तक्रार नाही. झाकणाचे गॅस्केट घट्ट बसतात, फ्लेम अरेस्टर (पाइपातून ज्वाला पुढे जाऊ न देणारे साधन) योग्य जागी आहे, आणि दोन कॅनिस्टरच्या मधल्या पाइपावर सँपलिंगचा नळ दिलेला आहे, जो माझ्या मते या संपूर्ण जोडणीतील सर्वांत मोलाचा भाग आहे, कारण पहिला कॅनिस्टर भरून बाष्प पुढे निसटू लागले की ते तिथेच कळते. कार्बन बाष्प शोषताना तापतो, त्यामुळे नवा कॅनिस्टर बसवल्यावर बाहेरून हात लावला तर उबदार पट्टा कळतो आणि तो दिवसागणिक पुढे सरकताना जाणवतो.

अडचण सेवेच्या अटींत होती. कार्बन तीन महिन्यांनी बदलायचा, असे करारात होते. पण पावसाळ्यातील दमट हवेत कार्बनच्या छिद्रांत पाणीच जागा अडवते आणि बेंझिनसाठी जागा उरत नाही. पहिल्या जुलैत मधल्या नळावर पीआयडी (बाष्प मोजणारे हातातले यंत्र) धरला तेव्हा आकडा चढतच गेला, तपासनळीने (ठरावीक वायू आला की रंग बदलणाऱ्या काचेच्या नळीने) त्यात बेंझिन असल्याचेही दाखवले (पीआयडी एकूण बाष्प मोजतो, बेंझिन वेगळे सांगत नाही), आणि पुरवठादाराचे उत्तर मात्र ‘मुदत अजून बाकी आहे’ असे आले. त्या दिवसांत दुसरा कॅनिस्टर नसता तर ते बेंझिन सेपरेटरवर काम करणाऱ्या माणसांच्या श्वासात गेले असते. ज्या द्रव्यामुळे रक्ताचा कर्करोग होतो आणि ज्याची निवासी हवेतील वार्षिक मर्यादा घनमीटरला केवळ ५ मायक्रोग्रॅम आहे, त्याच्याबाबतीत कॅलेंडरवर विसंबणे मला मान्य नाही.

पाठपुरावा केल्यावर त्यांनी कॅनिस्टरच्या आधी पाणी वेगळे करणारे नॉक-आउट भांडे आणि वायू किंचित तापवून त्याची सापेक्ष आर्द्रता कमी करणारा स्फोटरोधक हीटर बसवला. दुसऱ्या पावसाळ्यात पहिला कॅनिस्टर बराच अधिक काळ टिकला. वापरलेला कार्बन हाही घातक कचराच असतो. तो बंद पिंपांत, मॅनिफेस्टसह (घातक कचऱ्याच्या वाहतुकीच्या नोंदपत्रासह) नेण्याचे काम त्यांनी एकदाही चुकवलेले नाही, याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे.

यंदा करार वाढवताना ‘तीन महिन्यांनी’ हे शब्द काढून ‘मधल्या नळावरील रीडिंग ठरलेल्या पातळीला पोहोचल्यापासून २४ तासांत’ असे लिहून घेतले. त्यासाठी वाढीव दर मागितला गेला आणि आम्ही तो दिला.