जिनिंगचा हिशेब: ऑफिसातला सर्व्हर की क्लाउड?

यवतमाळ-वाशीमकडच्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि लहान जिनिंगवाले काटापावत्या, गाठींचा साठा, शेतकऱ्यांचे चुकारे आता कॉम्प्युटरवर ठेवतात. तो हिशेब कुठे ठेवायचा, हे ठरवताना सगळे आधी खर्च विचारतात. माझ्या मते आधी विचारायचं ते हे: त्याला हात कोण लावू शकतं?

ऑफिसातल्या सर्व्हरचा मोठा फायदा म्हणजे नेट गेलं तरी काटा थांबत नाही. दिवाळीनंतर गेटवर कापसाच्या गाड्या लागल्या की त्याची किंमत कळते. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, लाईन जाते-येते आणि पंख्यात रुई बसून मशीन तापतं. क्लाउडवर, म्हणजे नेटवरून भाड्यानं घेतलेल्या दुसऱ्याच्या सर्व्हरवर, ही काळजी नाही. ॲमेझॉनच्या क्लाउडचं मुंबई रीजन, म्हणजे तिथली सर्व्हर-केंद्रं, २०१६ पासून आहे. बिल मात्र दरमहा येतं, आणि हंगाम संपल्यावर क्लाउडवरचं मशीन बंद केलं तरी डिस्कचं भाडं चालूच राहतं.

आता परवानग्या. ऑफिसच्या सर्व्हरवर बहुधा एकच ॲडमिन पासवर्ड असतो आणि तो मॅनेजर, ऑपरेटर, सॉफ्टवेअरवाला अशा सगळ्यांना ठाऊक असतो. लिनक्स या सर्व्हरच्या प्रणालीवर प्रत्येकाला वेगळं खातं देता येतं, रूटचा (सगळे अधिकार असलेल्या खात्याचा) थेट लॉगिन बंद करता येतो, पण ते सांभाळणारा जाणकार जवळ हवा. ॲमेझॉनच्या क्लाउडवर आयएएममध्ये (कुणाला काय करता येईल हे ठरवायच्या सोयीत) हेच फुकटात आणि बारकाईनं होतं. ऑपरेटरला पावती चढवता येईल, मिटवता येणार नाही, असं ठरवता येतं. तरीही त्याच नावाची नवी फाइल जुनीवर बसू शकते, म्हणून व्हर्जनिंग, म्हणजे फाइलीच्या जुन्या प्रती जपायची सोय, सुरू कराच. कुणी काम सोडलं की त्याच्या एकट्याचं खातं बंद करायचं, बाकीच्यांचं काम अडत नाही. क्लाउडवरच्या सर्व्हरला फाइली लागत असतील तर त्याला रोल (पासवर्डशिवाय मिळणारी परवानगी) द्या, ॲक्सेस की, म्हणजे पासवर्डसारखी गुप्त किल्ली, कोडमध्ये लिहू नका.

धोका इथंही आहे. सर्व्हरमध्ये लांबून शिरायचं दार म्हणजे पोर्ट २२, ते ठरावीक आयपी पत्त्यांनाच (नेटवरच्या ठिकाणांनाच) उघडं ठेवायचं असतं. पण मोबाईलच्या नेटवर आयपी पत्ता बदलत राहतो, म्हणून कंटाळून लोक ते साऱ्या जगाला उघडं करतात. त्यापेक्षा लॉगिनसाठी ॲमेझॉनचा सेशन मॅनेजर वापरा, त्याला बाहेरून एकही पोर्ट उघडं लागत नाही.

मी हिशेब क्लाउडवर ठेवीन आणि काट्याजवळच्या कॉम्प्युटरवर नेटशिवाय पावती निघेल, नेट आलं की वर जाईल, अशी सोय करीन. तालुक्यात लिनक्स जाणणारा भरवशाचा माणूस असेल तर ऑफिसातला सर्व्हरही चालेल. क्लाउड घेतलात तर रूट खातं, म्हणजे मालकाचं मुख्य खातं, कंपनीच्याच ईमेलवर उघडा, सॉफ्टवेअरवाल्याच्या नव्हे. त्याचा एमएफए (पासवर्डनंतरची दुसरी खातरजमा) दोन संचालकांच्या मोबाईलवर लावा. ॲमेझॉनच्या रूट खात्याला अशी ८ पर्यंत उपकरणं जोडता येतात.