गोल पाठीचं मँडोलिन, आठ महिन्यांनी: सूर झकास, मांडीवर मात्र टिकत नाही

परवा पुन्हा घसरलं. मांडो, म्हणजे गोव्याचं संथ प्रेमगीत, रंगात आला होता, डोळे मिटलेले, आणि हे टरबूज पोटावरून निघालं थेट गुडघ्याकडे. मडगावच्या एका अंकलकडून ९,००० ला जुनं घेतलं तेव्हा पाठीच्या पट्ट्यांची कारागिरी बघून भाळलो. ती पाठ मांडीवर ठरणार कशी, हे काही सुचलं नाही.

त्याआधी तारांचं रामायण. दुसऱ्याच महिन्यात एक तार तुटली, दुकानात नेलं. दुकानदाराने सपाट पाठीच्या मँडोलिनचा जाड संच चढवला. मी विचारलं तर म्हणे, "साहेब, तार ती तार!" पंधरा दिवसांत घोडीखालची (तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याखालची) फळी खचायला लागली. या वाद्याला ०.००९ इंचापासूनच्या हलक्या तारा लागतात, आणि त्या आपल्याकडे पटकन मिळत नाहीत. शिवाय घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबावरच उभी. सगळ्या तारा एकदम सोडल्या की ती सरकते आणि बाराव्या पडद्यावर सूर बेसूर. त्या भल्या माणसाने तेही केलं होतं. पैसे परत? छे! तेव्हापासून मी एकेक तार बदलतो.

आता वाजवण्याचं. मांडो आणि जुनी हिंदी गाणी, दोन्हींत लांब सुरावर नखी थरथरवली की मन भरतं. जुळणी व्हायोलिनचीच, त्यामुळे माझी बोटं आधीच तयार होती. दुलपोद, म्हणजे मांडोनंतरचं जलद गाणं, तेही मस्त नाचतं. ब्लूग्रासच्या, म्हणजे अमेरिकेतल्या त्या जलद लोकसंगीताच्या, वाटेला जाऊ नका. त्यातले दिग्गज बिल मनरो यांच्या १९२३ च्या गिब्सन एफ-५ मँडोलिनवर तारा दाबून मारलेला ठोका ढोलकीच्या थापेसारखा येतो, माझ्यावर कढईत चमचा आपटल्यासारखा.

नाट्यगीताबद्दल मी मित्राला ठामपणे सांगून बसलो होतो, "मींड नाही, विषय संपला." मींड म्हणजे सूर न तोडता एकातून दुसऱ्यात सरकणं, आणि त्यासाठी जोडतार (एकाच सुराच्या दोन शेजारी तारा) आडवी ओढली की दोन तारा दोन दिशांना पळतात. कर्नाटक संगीत वाजवणारे उप्पलपु श्रीनिवास इलेक्ट्रिक मँडोलिनला एकेरी तारा लावत, ते उगाच नाही. पण जुन्या हिंदी चित्रपटांचे संगीतकार आणि मँडोलिनवादक सज्जाद हुसेन यांचं ऐकलं आणि शब्द गिळावे लागले. जोडतारांवरही राग उभा करणारा माणूस! ओढायचं सोडून पडद्यांवरून बोट घासत नेलं, तर यमन निदान ओळखू येतो. शेजारीण म्हणाली, "काका, आज बरं वाजवलंत." आजवर कधी म्हणाली नव्हती.

घसरण्यावर चामड्याचा पट्टा, हातरुमाल, पाय स्टुलावर, सगळं झालं. शेवटी स्वयंपाकघराच्या खणातली रबरी जाळी कापून मांडीवर घातली. हलत नाही! फक्त बायको आता रोज विचारते, खणातल्या वाट्या का खडखडतात.