सहा चाकांचं खडे घासायचं मशीन: आठ महिन्यांनंतर

फोंड्यात आमच्या मागच्या पडवीत हे मशीन गणपतीच्या आधीपासून बसलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही. ८० आणि २२० ग्रिटची (आकडा लहान तेवढं चाक खरखरीत) दोन चाकं कडक, पुढची २८०, ६००, १२०० आणि ३००० ची चार मऊ रेझिनची. सगळ्यांवर हिऱ्याची भुकटी.

८० चं चाक वाकडंच आलं. खडा टेकवला की टकटक उडतो, कडेचे टवके जातात. बदलून देतो म्हणाले, अजून देतायत. तोवर आकार २२० वर काढतो, वेळ दुप्पट लागतो. पाण्याचा पंप दोनदा बंद पडला, ते मात्र मी हसण्यावारी नेत नाही. कोरडं घासलं की सिलिकाची धूळ छातीत जाते. गुजरातेत खंभातला अकीकाचे खडे घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस, म्हणजे फुप्फुसाचा रोग, त्यानेच झाला. पाणी थांबलं की मी बटण बंद करतो. मास्क तर असतोच.

मऊ चाकं मात्र फर्स्टक्लास.

मी डिचोलीला खाणीवर कामाला होतो. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा टेबलावरचा पेपरवेट तेवढा घरी आणला: काळसर चकचकीत हेमटाइट (लोहखनिज) आणि लालसर क्वार्ट्झ (गारगोटी), पट्ट्यावर पट्टा. ग्रॅनाइटवाल्याकडून ६ मिमीच्या दोन चकत्या कापून घेतल्या, अ‍ॅल्युमिनियमच्या तारेने अंडाकृती आखली (पेनाची रेघ पाण्यात जाते, ही राहते), लाखेने काडीवर चिकटवलं आणि बसलो. पाणी कुंकवासारखं लाल. बायको दारातून म्हणाली, "खाण बंद झाली म्हणता, आणि पडवीत चालू केलीत?"

या दगडाची खोड अशी की हेमटाइट क्वार्ट्झपेक्षा मऊ, ते आधी झिजतं. पहिल्या खड्यावर मी जोर लावला, तर नख फिरवल्यावर पट्ट्यापट्ट्याला पायरी लागली. दुसरा नुसता टेकवून फिरवत राहिलो, २८० वरच पाऊण तास. मधे मधे फडक्याने कोरडा करून बघायचा. ओला खडा ओरखडे लपवतो, आणि ते ३००० वर दिसले की परत २८० वर. शेवटी पट्टे सपाट झाले, खड्याच्या वरच्या घुमटात पडवीची ट्यूबलाइट सरळ रेघेत दिसायला लागली.

नवशिक्याने घ्यावं का? साध्या अकीकसाठी घ्या, पण आल्याबरोबर प्रत्येक चाक फिरवून बघा आणि व्हिडिओ काढून ठेवा. मी काढला नव्हता. पावसाळ्यात शाफ्टला (चाकांच्या दांड्याला) दर आठवड्याला तेलाचं बोट फिरवा, नाहीतर गंज ठरलेला.

पेपरवेटचा उरलेला तुकडा कपाटात आहे. ८० चं सरळ चाक आल्याशिवाय त्याला हात लावणार नाही.