‘बोलायला शिकायला पैसे भरायचे?’ कम्युनिकेशन आणि लीडरशिपच्या कोर्सचे आठ महिने

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी शिफ्ट सुपरवायझर आहे. डिग्री मेकॅनिकलची. आठ महिन्यांपूर्वी कम्युनिकेशन आणि ऑर्गनायझेशनल लीडरशिपच्या ऑनलाइन एमएला प्रवेश घेतला, तेव्हा वडिलांनी विचारलं, “बोलायला शिकायला पैसे भरायचे?” कोल्हापुरात हा प्रश्न रास्तच आहे.

पहिले दोन महिने मलाही तसंच वाटलं. क्लॉड शॅनन या अमेरिकी गणितज्ञाचं संवादाचं १९४८चं मॉडेल: पाठवणारा, घेणारा, मधला गोंगाट. आमच्याकडं गोंगाट कसा असतो ते शिकायला पुस्तक कशाला? मग एक असाइनमेंट आली: स्वतः दिलेल्या एका सूचनेचा शेवटपर्यंत माग काढा.

मी वाळूची सूचना घेतली. मोल्डिंगच्या वाळूत ओलावा जास्त राहिला की धातू ओतताना वाफ धरते आणि कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे वाफेची भोकं, पडतात. सकाळी मिक्सरवरच्या मामांना म्हणालो, “पाणी जरा कमी ठेवा.” “व्हय साहेब.” संध्याकाळी ब्लोहोल तेवढेच. एरवी आवाज चढला असता. पण असाइनमेंट होती, म्हणून विचारलं.

“मामा, सकाळी काय म्हणालो मी?”

“पाणी कमी म्हणालासा. कमीच हुतं की, कालच्यापेक्षा.”

त्यांचा ‘काल’ रात्रपाळीतला होता, माझा सकाळच्या रिपोर्टातला. आणि ‘व्हय’ म्हणजे ‘कळलं’ नव्हे, ‘ऐकलं’. इतकी वर्षं मी ते कळलं म्हणूनच धरत होतो. आता ‘जरा’ म्हणत नाही, आकडा सांगतो आणि समोरच्याकडून परत वदवून घेतो. सुरुवातीला पोरं हसली, “शाळा भरली म्हणायची!”

दुसऱ्या सत्रात व्यवस्थापनावर लिहिणारा फ्रेंच लेखक आंरी फेयॉल भेटला आणि बरं वाटलं, कारण हा माणूस खाणीतला इंजिनिअर, कंपनी चालवलेला. वरिष्ठांना माहीत असेल तर दोन खात्यांतल्या बरोबरीच्या माणसांनी थेट बोलावं, हे त्यानं १९१६ साली लिहून ठेवलंय. आमच्याकडं वाळूत मिसळायच्या बेंटोनाइट मातीच्या एका पोत्यासाठी अजून मॅनेजरला फोन जातो. फ्रेंच आणि रेव्हन या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली सांगितलेले सत्तेचे पाच प्रकार वाचताना मला तालमीतले वस्ताद आठवले. पगार देत नाहीत, मेमो देत नाहीत, पण “हं” म्हणाले की पोरगं पुन्हा शंभर जोर मारतं. पद आणि बक्षीस सोडूनही सत्ता असते, हे मी आखाड्यात आधीच पाहिलं होतं. नाव आत्ता कळलं.

तक्रारी आहेत. एका असाइनमेंटचा अभिप्राय सात आठवड्यांनी आला, तोही ‘गुड’ एवढाच. उदाहरणं बहुतेक अमेरिकेतली. एका लाइनवर अर्धी माणसं एकाच गावची असली की सूचना माझी असो वा मॅनेजरची, ती आधी गावातल्या वडीलधाऱ्याकडं नजर टाकून मगच अमलात येते. यावर अभ्यासक्रमात चकार शब्द नाही. ग्रुप प्रोजेक्टबद्दल न बोललेलं बरं. चौघांचं काम दोघांनी केलं.

फ्रेशर असाल तर लगेच घेऊ नका. हाताखाली चार माणसं येऊ द्यात, मग घ्या. नाहीतर सगळं पाठांतर होईल. नोकरी करून करणार असाल तर पाळीचं वेळापत्रक आधी बघा. माझा शुक्रवारचा वर्ग नेमका पाळी बदलताना असतो, निम्मा तो मी पार्किंगमध्ये गाडीवर बसून ऐकतो.